इटलीतली जेवणाची सुट्टी

प्रवासाच्या विषयावर बोलणाऱ्याकडून श्रोत्यांची एक रास्त अपेक्षा असते. इटलीचे नाव निघाले की पिसाचा कललेला मनोरा यावा, व्हेनिसच्या होड्या याव्यात, मायकेलअँजेलोचे पुतळे यावेत. ते सर्व आम्ही पाहिले. परंतु त्यांची वर्णने आपल्या ग्रंथालयात कपाटभर आहेत, आणि ती लिहिणारे आमच्यापेक्षा पुष्कळ शिकलेले आहेत. आमचा विषय त्याहून साधा आहे. २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत आम्ही उभयतांनी चोवीस दिवस इटलीत काढले. खर्च सौ.नी पतसंस्थेत बावीस वर्षे टाकलेल्या बचतीतून झाला, म्हणून कार्यक्रमही त्यांनीच आखला: आगगाडीचा साधा डबा, स्टेशनाजवळची स्वस्त खोली, आणि जेथे त्या गावचे कामगार जेवतात तेथे जेवण.

कामगार संघटनेत आयुष्य काढलेल्या माणसाला एक खोड जडते. ताट पुढे आले की पदार्थाच्या आधी त्याला प्रश्न पडतात. हे रांधले कोणी? किती तास उभे राहून? आणि रांधणारा स्वतः केव्हा जेवला? सौ.ना या खोडीचा उबग आलेला आहे. पण इटलीत या प्रश्नांनीच आमची वाट काढली, असे त्याही आता म्हणतात.

इटालियन मनुष्य खाण्याचा शौकीन, दुपारी दुकान बंद करून स्वस्थ बसणारा, असे वर्णन आपण ऐकतो. आमचे मत निराळे झाले. तेथे जेवणाची वेळ ही हौस नाही. ती लोकांनी भांडून मिळवलेली, कागदावर लिहून घेतलेली आणि रोज वापरून राखलेली वस्तू आहे. आणि ज्यांच्या वाट्याला ती अजून आलेली नाही, असे लोकही त्याच देशात राबतात. त्यांच्याकडे आम्ही शेवटी येऊ.

प्रथम वेळापत्रक सांगितले पाहिजे, कारण ते ध्यानात न घेता गेलेला प्रवासी उपाशी राहतो. दुपारचे जेवण साधारण साडेबारा ते अडीच. त्यानंतर स्वयंपाकघर बंद. रात्रीचे जेवण साडेसातच्या आधी सहसा नाही, दक्षिणेकडे त्याहूनही उशिरा. मिलानला पहिल्याच दिवशी तीन वाजता एका खाणावळीच्या दारात उभे राहिलो, तर मालकीणबाईंनी नम्रपणे मान हलवली. आत डोकावून पाहिले, तेव्हा आचारी, वाढपी आणि भांडी घासणारा पोऱ्या एकाच टेबलाभोवती बसून शेवया खात होते. गिऱ्हाईक दारात उभे आहे म्हणून त्यांच्यातला एकही उठला नाही. पोटात कावळे ओरडत असूनही हे दृश्य पाहून आम्हाला बरे वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही.

सकाळची न्याहारी मात्र नावापुरती. कॉफी आणि एक गोड पाव. आपले अमृततुल्य जसे, तसे तेथले 'बार'. नावावरून गैरसमज होऊ नये. तेथे दारूही मिळते, पण मुख्य धंदा कॉफीचा. कॉफी उभ्याने प्यावयाची. गडी येतो, दोन घोटांत कपभर काळी कॉफी संपवतो, शेजाऱ्याशी चार शब्द बोलतो आणि चालू लागतो. उभ्याने प्याली तर तेव्हा एक ते सव्वा युरो, तीच टेबलाशी बसून मागवली तर कित्येक ठिकाणी दुप्पट वा अधिक. दरपत्रक भिंतीवर लावलेले असते. यात फसवणूक नाही. बसणाऱ्याला वाढपी लागतो आणि वाढप्याला पगार द्यावा लागतो, इतका सरळ हिशेब आहे. दूध घातलेली कापुच्चिनो सकाळीच. दुपारच्या जेवणावर ती मागितली तर ते आणून देतील, पण आपल्याकडे बासुंदीवर कोणी पिठले मागावे तशा नजरेने पाहतील.

जेवणाचा क्रमही ठरलेला. आधी शेवया किंवा भात, हा पहिला प्रकार. मग मांस, मासे किंवा अंडी, हा दुसरा. भाजी निराळ्या ताटलीत. सगळे एकदम वाढून कालवून खाण्याची पद्धत नाही. मात्र ताटात उरलेला रस पावाच्या तुकड्याने पुसून खाणे घरोघरी चालते. पाहुण्याने तसे केले तर यजमानीण खूश होते. बिलात 'कोपेर्तो' नावाची एक रक्कम असते, माणशी दीड-दोन युरो. ती पाव, चादर आणि काटेचमच्यांची. रोमच्या प्रांताने २००६ साली कायदा करून ती बंद केली, तेव्हापासून तेथे 'पाव' या नावाने ती घेतात! कायदा आणि धंदा यांची ही लपाछपी आम्हाला परकी वाटली नाही.

बक्षिशी देण्याची सक्ती तेथे नाही, आणि याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. इटलीत कायद्याने ठरवलेले सर्वसाधारण किमान वेतन आम्ही गेलो तेव्हाही नव्हते. प्रत्येक धंद्याचा राष्ट्रीय सामुदायिक करार असतो, आणि वाढप्याचा, आचाऱ्याचा, भांडी घासणाऱ्याचा दर त्यात लिहिलेला असतो. १९४८ च्या १ जानेवारीस अमलात आलेल्या त्यांच्या राज्यघटनेचे पहिलेच कलम, हे प्रजासत्ताक श्रमावर उभे आहे, असे सांगते. छत्तिसावे कलम त्याहून मोलाचे. कामगाराला साप्ताहिक विश्रांती आणि भरपगारी वार्षिक रजा यांचा हक्क आहे, आणि तो हक्क त्याला सोडूनही देता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. शेवटचे शब्द आम्ही दोनदा वाचून घेतले. गरजू माणसाकडून हक्क 'स्वखुशीने' सोडवून घेणे ही मालकाची जुनी युक्ती असते, आणि घटनाकारांना ती ठाऊक होती.

परंतु भाबडेपणाही नको. सहा तासांहून अधिक काम असेल तर विश्रांती द्यावी, असा त्यांचा २००३ चा कायदा आहे. पण करारात दुसरे काही ठरले नसेल तर त्या विश्रांतीची किमान मुदत किती? अवघी दहा मिनिटे! म्हणजे दुपारी दीड तास दुकानाचे दार लागते, ते कायद्याच्या कृपेने नव्हे. करार आणि रिवाज, या दोन खांबांवर ते उभे आहे. मोठ्या शहरांत हे खांब खचतही आहेत. मिलानमध्ये कचेरीतली तरुण मंडळी कंपनीकडून मिळालेल्या जेवणाच्या कुपनांवर एक पाव घेऊन संगणकासमोरच खाताना आम्ही पाहिली.

मिलानहून पश्चिमेला व्हेर्चेल्ली हे गाव आहे. प्रवासी तेथे फारसे जात नाहीत. आम्ही मुद्दाम गेलो, कारण ते भाताचे गाव आहे. युरोपात सर्वांत अधिक तांदूळ इटली पिकवते, आणि त्याचे माहेरघर हा पो नदीचा सखल मुलूख. १८६६ साली सुरू झालेल्या काव्हूर कालव्याचे पाणी येथे खेळवलेले आहे. एप्रिलअखेर खाचरे पाण्याने भरतात, आणि आगगाडीच्या खिडकीतून चौकटी-चौकटींचा समुद्र पसरलेला दिसतो. मागे आल्प्सची हिमशिखरे. सौ. कोकणातल्या, त्यांना क्षणभर माहेर आठवले, पण बर्फ पाहून त्या थबकल्या.

या खाचरांत भांगलणीला आणि लावणीला बायका येत. त्यांना 'मोंदीने' म्हणत. मे-जून महिन्यांत दूरदूरच्या गावांहून सुमारे चाळीस दिवसांसाठी टोळ्या येत. गुडघाभर पाण्यात, अनवाणी, कंबरेत वाकून दिवसभर तण उपटावयाचे. डोक्यावर पेंढ्याची रुंद टोपी, भोवती डास, बांधावर मुकादम उभा. मजुरीचा काही भाग तांदळात मिळे. आपल्या चिखलणी-लावणीत राबलेल्या बाईला याचे आणखी वर्णन नको. या बायकांनी १९०६ साली संप केला आणि व्हेर्चेल्लीच्या परिसरात आठ तासांचा दिवस मान्य करून घेतला. आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने आठ तासांचा ठराव केला तो १९१९ मध्ये. कारखान्यातल्या संघटित पुरुषांना जे मिळत नव्हते, ते पाण्यात उभ्या असलेल्या, बहुतेक निरक्षर, हंगामी बायकांनी तेरा वर्षे आधी पदरात पाडून घेतले. हंगामी मजुरांची संघटना होऊच शकत नाही, असे म्हणणाऱ्या आमच्या काही सहकाऱ्यांना आम्ही व्हेर्चेल्लीचे तिकीट काढून देऊ इच्छितो.

१९६० नंतर तणनाशके आली, यंत्रे आली आणि मोंदीने गेल्या. १९४९ च्या 'रिसो आमारो' या चित्रपटात त्या पाहावयास मिळतात. तेथला खास पदार्थ 'पानिस्सा': तांदूळ, राजम्यासारख्या घेवड्याचे दाणे आणि त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे. मांस वगळले तर तो आपल्या डाळिंब्यांच्या खिचडीचा थोडा घट्ट भाऊच. आमच्यापैकी एक पान शाकाहारी असल्यामुळे ते वगळून मिळेल का, असे विचारले. खाणावळवालीने बराच विचार करून वगळले, पण भात मांसाच्या पाण्यात शिजतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले. शाकाहारी प्रवाशाने तेथे ही चौकशी करावीच.

याच उत्तर भागात मक्याच्या पिठाचा घट्ट उकडा खातात. त्याला 'पोलेंता' म्हणतात. आज तो चांगल्या उपाहारगृहांत चीज घालून महागात मिळतो. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी मात्र गरीब शेतमजुरांना तिन्ही त्रिकाळ तोच होता, आणि त्यातून पेलाग्रा हा रोग झाला. कातडी सोलते, जुलाब लागतात, शेवटी बुद्धिभ्रंश होतो. रोगाला हे नाव मिलानच्या फ्रापोल्ली या वैद्याच्या १७७१ मधल्या ग्रंथाने दिले. १८८० च्या सुमारास इटलीत त्याचे लाखभर रोगी होते. मका वाईट नव्हे. नुसत्या मक्यावर माणूस ठेवणे वाईट. आपल्या दख्खनमध्येही ज्वारीखेरीज दुसरे काही न मिळणाऱ्या मजुरांत पेलाग्रा आढळत असे, आणि हैदराबादेत डॉ. गोपालन यांनी १९६० च्या सुमारास त्यावर मोठे संशोधन केले. 'पारंपरिक साधे अन्न' म्हणून गरिबीची आरती ओवाळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

मिलानहून आग्नेयेस जाणाऱ्या मार्गावर पार्मा, रेज्जो, मोदेना, बोलोन्या ही गावे ओळीने लागतात. हा एमिलिया प्रांत. इटलीत सर्वांत चांगले जेवण कोठे मिळते, असे विचारले तर पुष्कळजण याच प्रांताचे नाव घेतील. आम्ही येथे नऊ दिवस राहिलो. पार्मिजानो रेज्जानो हे प्रसिद्ध चीज येथले. एका चाकाचे वजन चाळीस किलोच्या आसपास, त्याला पाचशे लिटरांहून अधिक दूध लागते, आणि निदान बारा महिने मुरवल्याशिवाय त्यावर शिक्का बसत नाही. पारखणारा लहानशा हातोडीने ठोकून आवाजावरून आतली भेग ओळखतो, जशी आपल्याकडे बाया मडके वाजवून घेतात. ही चाके तारण ठेवून कर्ज देणारी बँकही या भागात आहे. शाकाहाऱ्यांसाठी एक सूचना: दूध विरजण्यासाठी यात वासराच्या जठरातले द्रव्य वापरतात. हे कळल्यावर सौ.नी ते बंद केले, आणि त्यांच्या वाट्याचेही आम्ही संपवले.

दूध तर रोज निघते, रविवारी आणि सणालाही. मग गोठ्यात रोज कोण असते? या प्रांतातल्या आणि शेजारच्या क्रेमोना-मांतुआ भागातल्या गोठ्यांत पंजाबातून आलेले पुष्कळ लोक काम करतात. रेज्जोजवळ नोव्हेल्लारा येथे २००० साली मोठा गुरुद्वारा उभा राहिला. तेथे आम्ही लंगरात जेवलो. वरणाची चव इतक्या दिवसांत प्रथमच जिभेला लागली. शेजारी बसलेल्या एका गृहस्थांची गोठ्यात वीस वर्षे झाली होती. करार, पगारी रजा, मुलांची शाळा, सर्व व्यवस्थित. पहाटे चारला उठावे लागते एवढीच त्यांची तक्रार, आणि ती गाईंविरुद्ध होती.

२५ एप्रिल हा इटलीचा मुक्तिदिन. १९४५ साली फॅसिस्ट आणि जर्मन सत्ता उलथली त्याची ही आठवण. त्या दिवशी आम्ही रेज्जोजवळच्या गात्तातिको गावी चेर्वी कुटुंबाच्या घरी होतो. हे घर आता संग्रहालय आहे. आल्चीदे चेर्वी हा खंडाने शेती करणारा शेतकरी, त्याला सात मुलगे. शाळा थोडी, पण वाचनाचा नाद जबर. जमीन सपाट करण्याचे नवे तंत्र त्यांनी पुस्तकातून शिकून वापरले आणि १९३९ मध्ये ट्रॅक्टर घेतला. ट्रॅक्टर घरी आणताना बरोबर पृथ्वीचा एक गोलही आणला होता. तो ट्रॅक्टर आणि तो गोल तेथे ठेवलेला आहे. स्वतः धडपडून चार अक्षरे गोळा केलेल्या कोणाही माणसाला त्या गोलापुढून लवकर हलवत नाही.

१९४३ च्या २५ जुलैस मुसोलिनी पडला. बातमी कळली तेव्हा चेर्वी बंधूंनी काय करावे? साऱ्या गावाला जेवण घातले! घरचे पीठ, दुग्धालयातून उधारीवर आणलेले लोणी आणि चीज. शेवया उकडून दुधाच्या मोठ्या बरण्यांत भरल्या आणि बैलगाडीतून कांपेजिने गावच्या चौकात नेल्या. जो येईल त्याला ताटली. युद्धाच्या टंचाईत लोण्यात माखलेल्या शेवया म्हणजे दिवाळीच. पण आनंद टिकला नाही. जर्मन फौजा आल्या, चेर्वींनी पळालेल्या युद्धकैद्यांना आणि बंडखोरांना आसरा दिला, नोव्हेंबरात घराला वेढा पडला, आणि १९४३ च्या २८ डिसेंबरला सातही भावांना एकदम गोळ्या घातल्या. आई पुढच्याच वर्षी गेली. म्हातारा आल्चीदे सुना-नातवंडांना घेऊन पुन्हा नांगरापाशी उभा राहिला. आता दर २५ जुलैला त्या शेवयांची पंगत तेथे बसते, आणि इटलीतल्या शेकडो गावांतही बसते. पदार्थ तोच: शेवया, लोणी, चीज. दुसरे काही नाही. १९३० साली मारिनेत्ती या कवीने, शेवया खाऊन राष्ट्र सुस्त होते, सबब त्या बंद कराव्यात, असा जाहीरनामा काढला होता. त्याचे जेवण कोणी साजरे करीत असल्याचे आमच्या ऐकण्यात नाही.

२५ एप्रिलला त्या अंगणात हजारो माणसे होती. लांब टेबले, कागदी ताटल्या, वाढणारे सर्व स्वयंसेवक. हिरव्या भाजीचे आणि ताज्या चीजचे सारण भरलेले तोर्तेल्ली होते. पुरीसारखा फुगणारा एक तळलेला प्रकार होता. तो चरबीत तळतात म्हणून निम्मी ताटली परत आमच्याकडे आली. आम्ही हिंदुस्थानचे, असे कळल्यावर समोरच्या वृद्ध बाईंनी सेनिओ नदीचे नाव घेतले. तेथे हिंदी सैनिक लढले होते, असे त्यांना वडिलांनी सांगितले होते. त्यांना ठाऊक नव्हते ते आम्ही सांगितले. १९४५ च्या ९ एप्रिलला त्याच सेनिओच्या काठी, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले मराठा पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. आदल्या वर्षी १० जुलैला टायबर नदीच्या खोऱ्यात रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे वयाच्या बाविसाव्या वर्षी पडले, त्यांनाही मरणोत्तर तोच सन्मान मिळाला. उंब्रियातल्या मोन्तोने गावी २०२३ साली त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले आहे. फोर्लीला हिंदी सैनिकांची दफनभूमी आहे; दुसऱ्या दिवशी आम्ही तेथे जाऊन फुले ठेवून आलो.

फोर्लीहून राव्हेन्ना जवळच. प्रवासी तेथे जुन्या चर्चमधली रंगीत खड्यांची चित्रे पाहतात. आम्हाला त्या गावाचे आकर्षण दुसरे होते. १८८३ मध्ये तेथल्या भूमिहीन मातीकाम मजुरांनी आपली सहकारी संस्था काढली. ठेकेदाराला वगळून कामे स्वतः घ्यावयाची, ही कल्पना. १८८४ मध्ये त्यातले सुमारे पाचशे जण रोमजवळच्या ओस्तियाची दलदल उपसायला गेले, हिवतापाने कित्येक मेले, पण जमीन लागवडीला आली. एमिलियात आज दुकानांपासून बांधकामापर्यंत सहकार दिसतो, त्याच्या मुळाशी ही खोरी-घमेली आहेत.

फ्लॉरेन्सला दोन दिवस. पुतळे अप्रतिम, पाव अळणी. तेथे पावात मीठ घालतच नाहीत. शिळ्या पावाचा, कोबी आणि घेवडा घालून पुन्हा उकळलेला 'रिबोल्लीता' मात्र फार चांगला. सौ.नी तो दोन्ही दिवस खाल्ला.

रोममध्ये आम्ही तेस्ताच्चो या कामगारवस्तीत उतरलो. येथे १८९१ च्या सुमारास शहराचा मोठा कत्तलखाना बांधला, तो १९७५ पर्यंत चालला. जनावराचे चार चांगले भाग अनुक्रमे सरदार, धर्मगुरू, सावकार आणि सैन्य यांच्याकडे जात, असे तेथे गमतीने सांगतात. उरले ते शेपूट, आतडी, काळीज, जीभ. हा 'पाचवा चौथा हिस्सा'. गणितात न बसणारे हे नाव मजुरांनी ठेवले, कारण मजुरीचा काही भाग त्यांना याच रूपात मिळे. ते घेऊन ते कोपऱ्यावरच्या खाणावळीत देत आणि तेथली बाई रांधून घाली. टोमॅटोत तासन् तास शिजवलेले बैलाचे शेपूट आणि पुदिना घातलेली वजडी हे पदार्थ अशा रीतीने जन्मले. शनिवारी वजडी, गुरुवारी बटाट्याच्या गोळ्या, शुक्रवारी मासे, असे वारही ठरलेले. आपल्याकडे ज्याने वजडी खाल्ली आहे, तो तेथे नाक मुरडणार नाही. आज त्याच पदार्थांसाठी तेथे रांगा लागतात आणि दर चढे आहेत. कत्तलखान्याच्या जागेत चित्रप्रदर्शने भरतात.

१ मे रोममध्ये साजरा करावयाचा, हा आमचा हट्ट होता. मुसोलिनीने १९२३ मध्ये तो दिवस बंद करून २१ एप्रिल हा सरकारी श्रमदिन लादला होता. १९४५ मध्ये तो परत आला. त्या दिवशी रोमकर शहराबाहेर हिरवळीवर जातात आणि कोवळ्या फाव्याच्या शेंगा सोलून, कच्चेच दाणे, खारट मेंढीच्या चीजबरोबर खातात. दाणे पावट्याहून थोराड, चव किंचित तुरट. शेतावर हुरडा खाण्यात जी मजा, तीच यात आहे. पदार्थापेक्षा सोबत महत्त्वाची. आदल्या दिवशी मंडईतून दोन किलो शेंगा घेतल्या होत्या, त्या बागेत बसून सोलल्या. शेजारच्या कुटुंबाने चीज पुढे केले, आम्ही घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी दिली. त्यांनी ती पावावर पसरून खाल्ली आणि पाण्याची अख्खी बाटली संपवली. संध्याकाळी सिर्को मास्सिमोच्या मैदानात तिन्ही मध्यवर्ती संघटनांचा गाण्यांचा जलसा होता. १९९० पासून दर १ मे रोजी हा जलसा होतो. एक गोष्ट मात्र त्या मैदानातही आमच्या मनात होती. १९४७ च्या १ मे रोजी सिसिलीत पोर्तेल्ला देल्ला जिनेस्त्रा येथे शेतकरी असेच बायकामुलांसह, शिदोरी घेऊन जमले होते, आणि डोंगरावरून जुलियानो या डाकूच्या टोळीने गोळीबार केला. अकरा माणसे मेली.

नेपल्सला पोहोचलो ते पिझ्झासाठी. त्याबद्दल आपणा सर्वांना माहिती आहे, म्हणून थोडक्यात सांगतो: मोठी झालेली भाकरी, भट्टीत दीड मिनिट, आणि तेथे ती सर्वांना परवडते. काही कॉफीच्या दुकानांत एक चांगली चाल आहे. स्वतःची एक प्यावयाची, पैसे दोनांचे द्यावयाचे. पुढे कोणी कफल्लक आला तर दुसरी त्याची. आम्हीही दोनांचे दिले.

पिझ्झावरचा टोमॅटो मूळचा इटलीचा नव्हे, अमेरिकेतून आलेला. नेपल्समध्ये १६९० नंतर छापलेल्या लातीनी नावाच्या कारभाऱ्याच्या पाकपुस्तकात त्याचा रस्सा प्रथम दिसतो. आज लाल टोमॅटोविना इटलीची कल्पना करवत नाही. पण हा तोडतो कोण? येथे आमची जुनी खोड पुन्हा जागी झाली. दक्षिणेत आफ्रिकेचे लोक, आणि रोमच्या खाली लातिनाच्या सपाटीवर आपले पंजाबी. मध्ये 'कापोराले'. या शब्दाला मराठीत तंतोतंत प्रतिशब्द आहे: मुकादम. मजूर गोळा करणारा, गाडीचे भाडे कापणारा, मजुरीतून आपला हिस्सा काढणारा. नेपल्सजवळच्या व्हिल्ला लितेर्नो येथे टोमॅटो तोडणारा जेरी मास्लो, वर्णद्वेषाच्या छळातून सुटून आलेला दक्षिण आफ्रिकेचा निर्वासित, १९८९ च्या ऑगस्टमध्ये लुटारूंच्या गोळीने मेला. तेव्हा त्या देशाला प्रथम कळले की आपला टोमॅटो कोणाच्या हातून येतो.

परतताना नेपल्सहून रोमला आम्ही मुद्दाम सावकाश गाडी घेतली. लातिनाच्या स्टेशनावर सायकली घेऊन चार पंजाबी तरुण चढले. हिंदी ऐकून जवळ आले. प्लास्टिकच्या हरितगृहांत कामाला. आत उन्हाळ्यासारखी धग. पहाटे पाचला निघावयाचे, दिवस बारा तासांचाही होतो. जेवण केव्हा, असे आम्ही विचारले. एकाने सांगितले, अकराच्या सुमारास मालकाचा माणूस पलीकडच्या शेडला गेला की उभ्यानेच, सरींच्या मध्ये, रोटी गुंडाळून. बसले तर? तर उद्या बोलावत नाहीत. करारात तासाचा दर नऊ युरोंच्या आसपास. हातात चार, पाच, कधी साडेपाच. पगारपत्रकावर महिन्याचे दहाच दिवस लावलेले, बाकीचे दिवस कागदावर नाहीतच. हे सांगताना तो 'कोन्त्रात्तो' हा शब्द इटालियनमध्येच म्हणत होता. त्यासाठी त्याला पंजाबी शब्द लागत नव्हता.

त्यानेच सांगितले की २०१६ च्या १८ एप्रिलला सुमारे दोन हजार हिंदी मजुरांनी लातिनात संप केला होता, तेव्हा तो नवा होता आणि मागच्या रांगेत उभा होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात १९९ क्रमांकाचा कायदा झाला. मुकादमाबरोबर मालकालाही एक ते सहा वर्षे शिक्षा होऊ शकते, असे त्यात आहे. कायदा चांगला आहे. पण तपासनीस शेतावर येईपर्यंत मजूर दुसऱ्या शेतावर गेलेला असतो, आणि ज्याचे कागदच नाहीत तो तोंड उघडत नाही.

आम्ही घरी परतलो, आणि दीड महिन्याच्या आत वर्तमानपत्रात लातिनाचे नाव आले. १७ जून २०२४ रोजी सतनाम सिंग या एकतीस वर्षांच्या मजुराचा हात शेतातल्या यंत्रात सापडून तुटला. त्याला इस्पितळात न नेता त्याच्या राहत्या जागेपाशी आणून टाकले. १९ जूनला तो रोममध्ये मेला. त्याचे कागद झालेले नव्हते. बातमी आम्ही दोघांनी पाटावरच वाचली, आणि ताट तसेच राहिले. काही दिवसांत लातिनाच्या रस्त्यांवर पगडीवाले मजूर आणि इटालियन संघटनांचे लाल झेंडे एकत्र निघाले. मोर्चाची छायाचित्रे आली, तेव्हा भिंग घेऊन आम्ही प्रत्येक चेहरा पाहिला. गाडीतल्या त्या चौघांपैकी एकजण त्यात होता, असे सौ. खात्रीने म्हणतात, या वेळी पहिल्या रांगेत.